येसूआईची वाटी

फार म्हणजे फारच जुनी गोष्ट. खाचरवाडीत भात अजून खळ्यावर हातानं झोडपायचे, तेव्हाची. झोडपणी सुरू झाली की कोंड्याची धूळ उडायची आणि निम्म्या गावाला धाप लागायची. मग सगळे येसूआईच्या दारात. ती अडुळशाची पानं निखाऱ्यावर शेकायची, फडक्यात पिळायची आणि रसात मध घालून वाटी पुढे करायची. वाटी रिकामी होईस्तोवर छातीची घरघर थांबायची, असं म्हणतात.

आता बाईमाणूस ते, थकणार नाही तर काय! झोडपणीच्या दिवसांत तिला पाठ टेकायला मिळायची नाही. घास हातात घ्यावा तर दारात कोणीतरी खोकत उभं. पानं पिळून पिळून तिचे हात हिरवे झाले, ते पुढे कधी उजळलेच नाहीत म्हणे.

आणि तीच धूळ तिच्याही छातीत जात होती की! पण ही विद्या देताना बापानं बजावलं होतं, औषध देणाऱ्यानं स्वतःच्या हातानं घेतलं तर ते लागू पडत नाही, दुसऱ्यानंच द्यावं लागतं. गावालाही हे ठाऊक होतं. पण जो तो समजायचा, दुसऱ्या कोणी दिलं असेल. आणि मागून घ्यायचा तिचा स्वभाव नव्हता. दरसाल ती वाट बघायची, दरसाल खळी उरकायची, आणि ती तशीच धापा टाकत राहायची.

एका वर्षी राघोबा गुरव आला. औषध बघूनच तोंड वाकडं करणारा आणि त्यापायी दरसाल येसूआईची बोलणी खाणारा किरकिऱ्या म्हातारा. वाटी तोंडाशी नेली आणि त्याला घरघर ऐकू आली. आपलीच असेल म्हणून त्यानं क्षणभर श्वास धरला. तरी घरघर चालूच.

त्यानं वाटी खाली घेतली. म्हणाला, "येसूआई, तू घेतलंस का?"

तिला रडूच फुटलं. त्यानं आपल्या हातानं वाटी तिच्या ओठांना लावली. ती प्यायली.

"कडू आहे रे हे," ती म्हणाली. "उगाच तुला बोलत आले."

मग भिंतीला टेकून तिनं डोळे मिटले. फार उशीर झाला होता. ती पुन्हा उठली नाही. त्या घटकेला साऱ्या खळ्यांवरची धूळ आपोआप खाली बसली आणि कुंपणाचा अडुळसा अवेळी पांढऱ्या फुलांनी भरून गेला, असं म्हणतात.

आता खाचरवाडीत मळणीयंत्र आहे, दवाखाना आहे. पण औषध कोणीही देवो, घेणारा आधी येसूआईचं नाव घेतो आणि देणाऱ्याला विचारतो, "तुम्ही घेतलंत का?" नवा डॉक्टर आला की पहिल्यांदा हसतो. मग एखाद्या दमल्या दिवशी कोणीतरी त्याला तेच विचारतं, आणि तो खुर्चीत मागे टेकून "नाही" म्हणतो.