धाकटी ठिकरी आणि न थांबणारा नगारा

त्या राज्यात एकच कायदा होता. नगारा वाजला की गवंड्यांनी भिंती बांधायच्या, आणि थांबला की थापी खाली ठेवायची. कायदा चांगला होता. कुठे भिंत ढासळली की नगारा वाजे, डागडुजी झाली की गप्प होई. कितीतरी वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी नगारा वाजू लागला आणि थांबेचना.

गवंड्यांना दोष देण्यात अर्थ नव्हता, ते बिचारे हुकमाचे ताबेदार. त्यांनी पडकी घरं बांधली, धडक्या घरांवर मजले चढवले, आणि पुढे ज्यांत कुणीच राहणार नव्हतं अशी घरं बांधायला घेतली. जागा संपली तेव्हा ते वाटेत बांधू लागले. वाटही कुठली, तर जिच्यावरून धान्याच्या गाड्या राज्यात येत, ती एकुलती एक. आधी तिथून दोन गाड्या शेजारी शेजारी जात. मग एकच जाऊ लागली. मग गाड्या वेशीवर सोडून डोक्यावरून पाट्या न्याव्या लागल्या. आता पाटीही जात नव्हती. आत फक्त पातळ पेज पोहोचत होती आणि तीही अडखळत.

नगारा कुणी माणूस वाजवत नसे. टिपरी एका चाकाला बांधलेली होती, आणि चाकाच्या बुडाशी बोटभर खोबण होती. त्या खोबणीत काही घट्ट बसलं, तर चाक अडणार होतं. एवढं सगळ्यांना कळत होतं. काय बसवायचं, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

वेशीबाहेर एक कोठार होतं. त्याच्या फळ्यांवर बरण्यांतून हजारो सुटे तुकडे राहत: कड्या, आकड्या, साखळ्या, खुंट्या. एकेकटा कुणीच फारशा कामाचा नव्हता, पण दोन-तीन जोडले की त्यांतून काय होईल, ते सांगता येत नसे. कोठाराचा कारभार चिमटेबुवांकडे होता. बुवांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड आणि स्वभाव अतिशय काटेकोर. कोठारात चाकाच्या खोबणीचा एक साचा होता, त्यात तसंच एक छोटं चाक फिरत असे, आणि प्रत्येक तुकड्याला त्यात टाकून पाहायचं, ही तिथली रीत होती. मोठमोठ्या साखळ्या ऐटीत पुढे आल्या आणि साच्याच्या तोंडाशीच अडकल्या. खुंट्या आत गेल्या आणि गडगडत बाहेर आल्या. शेवटी खालच्या फळीवरची एक ठिकरी टाकली, तेव्हा साच्यातलं चाक अर्धा क्षण अडखळलं.

अर्धाच क्षण. बाकीचे हसले. बुवा मात्र हसले नाहीत.

ठिकरीला एक धाकटी बहीण होती. त्या बरणीत दोघीच होत्या, तिसरी नव्हती. दोघींना दोन-दोन हात. एका हाताने त्या कुणाशीही जोडल्या जात. दुसरा हात विलक्षण होता. तो एकदा जे धरी ते कायमचं, मग सोडणं नाही. एरवी त्याची मूठ मिटलेली असे. ठिकरीच्या पहिल्या हाताला एक आकडी जोडली, तर आकडी तिला खोबणीत नीट बसवील आणि मग तो दुसरा हात चाक धरील, असं बुवांनी ठरवलं. फक्त जोडणी होईपर्यंत तो हात झाकून ठेवायला हवा होता, नाहीतर ओढाताणीत मूठ उघडून त्याने वाटेत येईल ते धरलं असतं. त्यासाठी कोठारात टोपणं होती, टोपणमावशी त्यांतलीच एक. जोडणीच्या वेळी हातावर बसायचं, आणि काम झालं की मोरीतून वाहून जायचं, एवढाच त्या टोपणांचा संसार असे.

आकड्यांच्या पुष्कळ जुळ्या जोड्या होत्या, प्रत्येकीत एक उजवी आणि एक डावी. रंग तोच, चमक तीच, वजन तंतोतंत तेच. कोठारात तराजूचा शब्द शेवटचा मानत. वजन जुळलं की ओळख पटली, पुढे विचारायचं नाही. शिवाय वेशीवरून निरोप आला होता, की आता पेजही पोहोचत नाही. बुवांनी घाईने हाताला लागली ती आकडी उचलली, तोलली आणि थोरलीला जोडली. जोडी एकदा साच्यात घालून पाहायची रीतही त्या दिवशी टाळली.

"वजन बरोबर आहे ना, मग झालं तर," बुवा म्हणाले. "तिकडे लोक उपाशी आहेत."

थोरली गेली. तिच्या अंगाला जोडलेली आकडी डावी होती. खोबणीशी पोहोचल्यावर ती वाकडी बसली आणि घसरली. राज्यातून वाहणाऱ्या प्रवाहाने थोरलीला मध्यभागी नेलं. तिथे एक जुना ढोल होता, राज्य वसल्यापासून एकदाही न थांबलेला. थोरलीच्या उघड्या हाताने त्याचीच दोरी धरली. ढोलाचे दोन ठोके चुकले. त्या दोन ठोक्यांत राज्यभर दिवे मिणमिणले आणि रस्त्यातली माणसं मटकन खाली बसली. पहारेकऱ्यांनी थोरलीचे तुकडे करून दोरी सोडवली. नगारा वाजतच राहिला.

बातमी कोठारात आली तेव्हा धाकटी बरणीच्या तळाशी जाऊन बसली. तिला बहिणीचं दुःख होतं आणि स्वतःची भीतीही वाटत होती. दोन्ही खरंच होतं. बुवांनी पुन्हा पुन्हा तराजू लावला, आणि दुसऱ्या जोडीतल्या दोन्ही आकड्या पुन्हा पुन्हा सारख्याच भरल्या.

"बुवा, वजन काय बघताय?" टोपणमावशी प्रथमच बोलली. "आम्हा टोपणांचा जन्मच हातांवर बसण्यासाठी. पोरीच्या हातात आकडीचा हात देऊन बघा की."

"असं कधी केलेलं नाही आपण."

"मग जे करत आलो, त्याने काय झालं ते दिसतंय."

बुवांनी तराजू बाजूला सारला. धाकटीने पहिल्या हाताने डाव्या आकडीचा हात धरला. डावी चप्पल उजव्या पायात घातल्यासारखं वाटलं. मग उजवीचा धरला. तो हातात चपखल बसला. या वेळी जोडी साच्यातही घातली. साच्यातलं चाक जागच्या जागी थांबलं. मावशी हातावर होती म्हणूनच धाकटी पुन्हा बाहेर निघू शकली.

निघायच्या वेळी मावशीला धुऊन काढलं. "नीट बघून धर गं बाई," एवढंच म्हणून ती मोरीतून गेली. धाकटीला रडू आवरलं नाही.

मग ती राज्यात शिरली. धान्याच्या वाटेवर एवढीशी फट उरली होती, आणि तिच्यासमोर एक गवंडी वीट घेऊन उभा होता.

"थांब जरा, एवढी लावतो," तो म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता.

ती त्याच्या हाताखालून निसटली. पुढे आंबट तळं लागलं, तिथे अंग चरचरलं. त्यापुढे जकातनाका होता. तिथले शिपाई परक्याचं जे हाताला लागेल ते ओरबाडून घेत. आकडी तिला पोटाशी धरून बसली म्हणून दोघी सुटल्या. मग वाट फुटली. एकीकडून नगारा ऐकू येत होता, दुसरीकडून ढोल. उघडा हात शिवशिवत होता, जवळून जाणारं सगळं धरू पाहत होता. ढोलाची दोरी अगदी बोटाजवळून गेली. धाकटीने मूठ मिटली आणि ती तशीच मिटलेली ठेवली.

खोबणीशी आकडी वळली आणि नेमकी बसली. तेव्हाच धाकटीने मूठ उघडली.

नगारा थांबला.

धाकटीने श्वास रोखून कान दिले. दूर मध्यभागी ढोल वाजत होता. एक ठोका, दुसरा, तिसरा. एकही चुकला नाही. मग ती रडली. हात सुटणार नव्हता, बरणी पुन्हा दिसणार नव्हती, हे तिला माहीत होतं.

वाटेवरच्या गवंड्याची थापी हवेतच राहिली. त्याने समोरच्या भिंतीकडे बघितलं, वर बघितलं, खाली बघितलं.

"अरे," तो शेजाऱ्याला म्हणाला, "हिला दार ठेवायचं राहिलंच की."

बिनदाराच्या भिंती पुढे कुणी लिंपल्या नाहीत, त्यामुळे त्या आपोआप खचू लागल्या. पेज मोकळी वाहू लागली. मग एका सकाळी पहिली पाटी आत गेली.

त्या सकाळी, त्या राज्याच्या आभाळाहूनही वर असलेल्या एका स्वयंपाकघरात, कित्येक दिवस पेजेपलीकडे काही गिळू न शकलेल्या एका बाईंनी पाटावर बसून भाकरीचा तुकडा मोडला. तो पिठल्यात बुडवला, भीतभीत गिळला आणि क्षणभर गळ्यावर हात ठेवून त्या तशाच बसून राहिल्या. चुलीपाशी त्यांची सून उलथनं हातात धरून उभी होती.

"गेला गं खाली," बाई म्हणाल्या. "अजून चतकोर दे."