रंग न धरणारा रिंगमास्टर

एका राज्यात एक सर्कस होती, आणि त्या सर्कशीत घुमटराव नावाचा रिंगमास्टर होता. राजाही होता, नाही असं नाही, पण आवाज चालायचा तो घुमटरावाचा. उंच टोपी, लाल कोट, हातात चाबूक. चाबूक कडाडला की हत्ती स्टुलावर चढे, वाघ कड्यातून उडी मारी आणि तंबूवरचे ढग बाजूला सरकत. ढग सरकायचे, त्यात नवल काय, राज्यच तसलं होतं.

घुमटरावाची बायको सगुणा. ती सर्कशीचे झगे शिवायची आणि घुमटरावाचं ऐकायची. घरात दुसरं काही बोलणंच नव्हतं. बस. जेव. झोप. एकदा ती तापानं फणफणली, तर या माणसानं तापालाच हुकूम सोडला, की उतर. ताप काही लगेच उतरला नाही, म्हणून हा उशाशी चाबूक घेऊन बसून राहिला, पाणीसुद्धा प्यायला नाही. असल्या माणसावर रागवावं तरी किती आणि जीव लावावा तरी किती? सगुणा दोन्ही एकदम करायची, म्हणून लवकर दमायची.

एके दिवशी खेळ बघायला शाईबुवा नावाचा मांत्रिक आला. पुढच्या रांगेत बसला आणि त्यानं जांभई दिली. देतो माणूस. पण घुमटरावाला ती खपली नाही. त्यानं चाबूक कडाडवला आणि म्हणाला, "जांभई बंद."

मांत्रिकाचं तोंड उघडं होतं ते उघडंच अडकलं. खेळ संपेपर्यंत माश्या आत गेल्या, बाहेर आल्या, एक तर आतच राहिली म्हणतात. तोंड मिटल्यावर शाईबुवा उठला, कनवटीची दौत काढली आणि बोट बुडवून एक शिंतोडा उडवला. झालं. रिंगणात घुमटराव नाही, त्याच्या जागी एक कागद पडलेला.

कागदावर घुमटरावाचं चित्र. पोट घागरीएवढं, पाय उदबत्तीच्या काडीसारखे, मिशा विंचवाच्या नांगीसारख्या वर वळलेल्या, आणि चाबूक इतका लांब की त्याचं टोक पार कागदाच्या काठाशी गेलेलं. नुसत्या काळ्या रेघा, आत रंगाचा ठिपका नाही. लोक हसायला लागले. चित्र वेडंवाकडं होतं म्हणून नाही, हुबेहूब होतं म्हणून.

"हसू नका," कागद म्हणाला. तोंड काढलेलं होतं, मग बोलणारच.

शाईबुवानं दौतीला बूच लावलं. "यात रंग भरा, खळ लावून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, कापून उभा करा. माणूस होईल. नाही जमलं तर कसर खाईल," असं म्हणाला आणि चालता झाला.

कागदाच्या कोपऱ्यात कसर बसलेलीच होती, ती चंदेरी, जुने कपडे आणि कागद खाणारी. चिमटीत धरली की तिचा धूर व्हायचा, चिमूट सोडली की पुन्हा कसर. घुमटराव तिच्यावर ओरडला, "मागे हट." कसरीनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. जन्मात पहिल्यांदा त्याचं कुणी ऐकलं नाही, आणि ते कोण, तर कसर.

राजा भद्रबाहू आपले चितारी घेऊन आला. त्यांनी कोटात लाल हिंगूळ भरला. भरला तसा ओघळून गेला. तांबडी काव लावली, तीही गेली. सगुणा कपाळाला हात लावून बसली, तेव्हा तंबूच्या खांबावर बसलेला भारद्वाज बोलला. लोक त्याला शुभ मानतात, म्हणून तो जरा शेफारलेला होता.

"बाई, हे रंग बाजारचे. याला राक्षसाच्या संतापाचा लाल लागतो, चेटकिणीची खळ लागते आणि खेकड्यांच्या राजाची कात्री लागते. तिन्ही आण."

"आणि तू काय करणार?" सगुणानं विचारलं.

"मी शुभ आहे," भारद्वाज म्हणाला आणि पंख खाजवायला लागला.

मागून कागद ओरडत होता, की छत्री घेऊन जा, डाव्या वाटेनं जा, लवकर ये. ती उजव्या वाटेनं गेली.

राक्षस डोंगरात एकटा राहायचा. चांगला टापटिपीचा होता मेला. गदा कोपऱ्यात, परात फळीवर, हाडं आकारानं रचलेली. त्याला राग आणायचा कसा? सगुणानं शिव्या दिल्या नाहीत की दगड मारले नाहीत. तो नदीवर अंघोळीला गेला तेव्हा तिनं पदर खोचला आणि त्याचं घर आवरलं. बायका परक्याचं घर आवरतात ना, मन लावून, तसं. परात कोपऱ्यात ठेवली, गदा माळ्यावर टाकली, हाडं रंगानुसार लावली. राक्षस ओल्या अंगानं आला आणि गदा शोधायला लागला.

"नीट ठेवलीय हो, बघा तिथंच कुठंतरी," ती म्हणाली.

हे वाक्य ऐकून देवसुद्धा लाल होईल. राक्षस आधी कानाशी लाल झाला, मग नाकाशी, मग त्याच्या हनुवटीवरून लाल रंग टपटप गळायला लागला. तिनं वाटी धरली, भरली आणि गदा माळ्यावर आहे असं सांगून निघाली. माणसानं तेवढं तरी सांगावं.

चेटकिणीकडं खळीची कढई सदा रटरटत असे. खळ मागितली की ती लगेच द्यायची, पण जो बसेल तो जागीच चिकटायचा. अंगणात चार पाहुणे वर्षानुवर्षं बसलेले होते, एकाच्या मांडीवर मांजरीनं पिल्लंही घातली होती. सगुणा बसली नाही. गूळपाणी उभ्यानं प्यायली, खळ घेतली, येते म्हणाली. चेटकीण दारापर्यंत सोडायला आली. आणि तिथं घात झाला, कारण दारात उभ्यानं सुरू झालेल्या गप्पा कुठल्या बाईला आवरल्यात? सुनेचं झालं, गुडघ्याचं झालं, त्या मेल्या शाईबुवाचं झालं. सगुणानं पाय उचलला तर उचलेना. शेवटी वहाणा तिथंच सोडल्या आणि अनवाणी पळाली. चेटकीण मागून विचारत राहिली, की परत कधी येशील. बिचारी.

खेकड्यांचा राजा विहिरीच्या तळाशी राहायचा. तो चालायचा आडवा आणि बोलायचाही आडवा. कात्री मागितली तर हवापाण्याचं विचारलं, हवापाण्याचं सांगितलं तर विहिरीच्या मालकाची चौकशी केली. सगुणाचा जीव मेटाकुटीला आला, तरी ती बोलत राहिली, आणि कंटाळला तो खेकडाच. त्यानं एका नांगीची कात्री काढून दिली.

"हिची एक खोड आहे," तो म्हणाला. "जे कापायचं, त्याच्या धन्यानं आपणहून काप म्हटल्याशिवाय ती कापत नाही. धाकानं म्हटलेलं तिला कळतं."

तिन्ही वस्तू घेऊन ती तंबूत परतली तर तिथं जत्रा. राजा, राणी, प्रधान, चितारी, सगळे कागदाभोवती गोल करून उभे. कसरीनं कोपरा संपवला होता आणि ती आता घुमटरावाच्या डाव्या बुटाशी आली होती.

सगुणानं कुंचला बुडवून कोट रंगवायला घेतला. आता रंगवणारीला रंगवू द्यावं की नाही? राणी म्हणाली कोट जांभळा बरा दिसेल. प्रधान म्हणाला मिशीपासून सुरुवात करतात. राजा म्हणाला पोट जरा आत घ्यावं, परदेशी पाहुणे येतात. आणि सगळ्यांवर कागद, की रेघेच्या बाहेर जाऊ नकोस, हात हलका ठेव, बटणं सोड, बटणं सोड म्हटलं ना! तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, कुणाचंच ऐकलं नाही आणि कोट भरला.

राक्षसाचा लाल धरला. क्षणभर धरला. मग बाहीतून हळूच हातात उतरला, हातातून चाबकात शिरला, चाबकाच्या लांबच लांब रेघेवरून सरसरत काठाशी गेला आणि खाली सांडला. तिनं पुन्हा भरला, तो पुन्हा तसाच वाहून गेला. वाटीत आता एकदा भरण्यापुरताच रंग उरला.

हे सगळ्यांना दिसलं बरं का. आंधळ्यालाही दिसलं असतं. रंग चाबकातून गळतोय, म्हणजे चाबूक कापायला हवा. पण घुमटरावाच्या तोंडावर हे सांगणार कोण? राजानं वर छताकडं बघितलं. राणीला एकदम खोकला आला. प्रधान पडद्यामागं गेला आणि तिथं वाघाच्या कानात सांगून आला. वाघानंही मान हलवली, आपल्याला काही माहीत नाही म्हणून. कागदाचा झाला तरी त्याचा धाक मोडत नव्हता.

सगुणानं कुंचला खाली ठेवला. कसर बुटाची टाच कुरतडत होती, कुरकुर ऐकू येत होती.

"अहो, चाबूक कापावा लागेल," ती म्हणाली.

"कापायचं नाही," घुमटराव म्हणाला.

तिनं कात्री लावली. कात्री मिटेना. तिनं दोन्ही हातांनी दाबली, तरी दगडासारखी अडली. आणि खरं सांगायचं तर तिचा हातही थांबला होता. इतक्या वर्षांची सवय, तो नाही म्हणाला की हात आपोआप थांबायचा.

मग मात्र ती चिडली. अशी चिडली की राक्षसानं बघून शिकावं. ती म्हणाली, "मी अनवाणी फिरले. त्या खेकड्याशी बोलले, तुम्ही बोलून बघा एकदा. आता तुमची टाच चाललीय, मग पाय जाईल, मग पोट, पोटाला कसरीला वेळ लागेल म्हणा. शेवटी तोंड उरेल आणि तुम्ही मला सांगत राहाल, की इकडं बस, तिकडं बस. ते तोंडही गेलं की मी कुणावर चिडू? मला दुसरं कुणी आहे का चिडायला?"

कागद गप्प झाला. गप्प घुमटराव कुणी पाहिला नव्हता, म्हणून राजा वाकून बघायला लागला.

"चाबूक नसला तर वाघ माझं ऐकणार नाही," घुमटराव म्हणाला.

"नाही ऐकणार."

"हत्तीही नाही."

"तोही नाही."

"आणि तू?"

"मला विचारून बघा की," सगुणा म्हणाली. "आजवर विचारलंयत कुठं?"

कसरीनं टाच संपवली आणि ती घोट्याकडं वळली. घुमटरावानं तिच्याकडं बघितलं नाही. बायकोकडं बघितलं, त्या वेड्यावाकड्या काढलेल्या डोळ्यांनी, आणि त्याच्या तोंडून जे आलं ते त्याला येतं हे त्यालाही माहीत नव्हतं.

"सगुणा, कापतेस का?"

कात्री लोण्यातून फिरावी तशी फिरली. चाबूक मुठीपाशी तुटला, भुईवर पडला, त्याची शाईची रेघ झाली आणि ती रेघ वळवळत तंबूबाहेर शाईबुवाच्या दौतीकडं निघून गेली. कसरीचा धूर झाला, आणि या वेळी परत कसर झाली नाही. सगुणानं उरलेला लाल भरला. एकदा रेघेच्या बाहेर गेला, तिनं जाऊ दिला, आणि तोही काही बोलला नाही. खळ लावली, पुठ्ठ्यावर चिकटवलं, मिशीच्या टोकांशी जीभ दातात धरून कापलं. गेलेल्या टाचेच्या जागी जवळ होता तो हिरवा कागद लावला. खालची पट्टी दुमडून चित्र उभं केलं, आणि घुमटराव रिंगणात उभा राहिला, हाडामांसाचा, एक टाच हिरवी. पोट तेवढंच होतं. राजा जरा हिरमुसला.

खेळ पुन्हा सुरू झाला. घुमटराव रिकाम्या हातानं वाघासमोर गेला आणि कड्यातून येतोस का म्हणून विचारलं. वाघ विचार करत बसला. इतका वेळ बसला की लोकांनी शिदोऱ्या सोडल्या. मग उठला, कड्याला वळसा घालून पलीकडं गेला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. ढगांनी मात्र कधीच ऐकलं नाही. त्या राज्यात आता वेळेवर पाऊस पडतो आणि तंबू गळतो.

पहिल्या खेळानंतर दोघं घरी आली. सगुणा पाटावर बसली. घुमटरावाचं तोंड सवयीनं उघडलं, जेव म्हणायला. मध्येच थांबलं. मिशा थरथरल्या, कान लाल झाले, कपाळाला घाम आला.

"जेवतेस का?" त्यानं विचारलं.

"वाढाल तर जेवेन," ती म्हणाली.

घुमटरावानं आधी ताट शोधलं, मग डाव, मग मीठ. मीठ सापडेना.

"नीट ठेवलंय हो, बघा तिथंच कुठंतरी," सगुणा म्हणाली आणि पाय पसरून बसली.

तो अजून शोधतोय. ती तशीच निवांत बसलीय. त्यांना बसू द्या, तुम्ही उठा.