निष्ठावान शहर कुठलं?

सांगलीच्या कबड्डी संघाचे मालक दिग्विजयराव ससाणे स्वतःला खेळातले महर्षी समजत. संघ हंगामभर हरत होता आणि त्याचं खापर ते प्रेक्षकांवर फोडत. एके दिवशी त्यांनी चाहत्यांची सभा बोलावून जाहीरच करून टाकलं, "संघ मी मुंबईला हलवतोय. तिथले चाहते खरे निष्ठावान! संघ जिंकला की रस्त्यावर नाचतात."

तेवढ्यात शमशाद मुल्ला उभ्या राहिल्या. एके काळी त्यांनी स्वतः कबड्डीचं मैदान गाजवलं होतं आणि आता त्या संघाचा एकही सामना चुकवत नसत.

"आणि हरला की काय करतात, साहेब?"

"उठून घरी जातात. शहाणी माणसं आहेत ती!"

"आम्ही तर शेवटची शिट्टी होईपर्यंत बसतो."

"त्याला निष्ठा नाही, बाई, मूर्खपणा म्हणतात," ससाणे हसले. "हरणाऱ्या संघाच्या नादी कोण शहाणा लागतो?"

"खरं आहे की. पण आम्ही हा संघ नुसता बघतो, साहेब. तुम्ही तर विकत घेतलाय!"

सभागृह हास्याने दणाणलं.

"न्या खुशाल मुंबईला," बाई म्हणाल्या. "संघ हरला की तिथले शहाणे घरी जातील आणि मूर्ख म्हणून तुम्ही एकटेच उराल. इथं निदान आमची सोबत तरी आहे."

संघ सांगलीतच राहिला. पुढचा सामनाही तो हरलाच. फक्त या वेळी पंचांच्या नावाने बोंब मारणाऱ्यांत मालकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता.