हैबतीचा डाव आणि दुभती शेळी

माळेवाडी नावाच्या गावात हैबती कासार म्हणून एक भोळा सांब होऊन गेला. बांगड्या भरताना एखादी बाई "हात नीट धर हो" म्हणाली, तर ती घरी पोचेपर्यंत हा हात सोडत नसे.

त्याची बायको सगुणा मात्र हुशार. तिचं दूध तान्ह्या पोरीला पुरेना, पोर रडून रडून हैराण. अशात जत्रेतल्या पत्त्यांच्या फडाला बक्षीस लागलं: दुभती शेळी! बायकांना फडात बसू देत नसत, म्हणून पाच नारळ देऊन हैबतीला बसवावं लागलं.

फडाचा रिवाज असा. एक नारळ दिला की पन्नास चिंचोके मिळायचे. ते हरलात तर आणखी एक नारळ देऊन पुन्हा पन्नास. पण ही सवलत देवळातली दुपारची घंटा होईपर्यंतच. त्यानंतर ज्याचे चिंचोके संपले, किंवा जो जागेवरून उठला, तो बाद. शेवटी जो उरेल त्याची शेळी.

"घंटेआधी भिऊ नका," सगुणा म्हणाली. "हरलं तरी परत बसता येतंय."

हैबती मुळीच भ्याला नाही. पानं न बघताच सगळे चिंचोके लावले. हरला. नारळ दिला. परत लावले. परत हरला. चार नारळ गेले तरी गडी हसतमुख.

"अवं, पानं बघून तरी लावा!" सगुणा मागून कळवळली.

त्यानं पानं बघितली. तीन राजे! हां हां म्हणता पुढ्यात चिंचोक्यांची रास पडली. तेवढ्यात गुरव घंटेकडे निघाला, तसा हैबती घाईला आला. परत बसायची मुदत संपत आली, आणि आपला एक नारळ तर अजून शिल्लक! फुकट जाणार की! त्यानं सगळी रास शेजारच्या केरबा पैलवानाकडे ढकलली, नारळ दिला आणि पन्नास चिंचोके घेऊन ऐटीत बसला. घंटा झाली.

सगुणानं कपाळाला हात लावला. "आता काही म्हणता काही लावू नका. आणि कुणी काही सांगू दे, जागा सोडायची न्हाई!" एवढं बजावून ती पोरीला पाजायला घरी गेली.

हैबती काही लावेना. तीन एक्के आले तरी पानं पालथी. बाकीचे एकमेकांच्या हातून बाद झाले. उरला फक्त केरबा. वीस डाव झाले, तीस झाले, हा आपला ढिम्म. केरबाचं डोकं फिरलं. "ह्याच्यासंगं खेळण्यापरीस म्हशी धुतो!" म्हणत तो ताडकन उठला.

उठला, म्हणजे बाद!

"हैबती, जिंकलास!" गुरव ओरडला. "ऊठ, चिंचेखालची शेळी सोडून ने. दिवस मावळला की ती दुसऱ्या नंबराला जाते."

हैबती मिशीत हसला. मला उठवून बाद करताय होय?

"न्हाई उठत."

"अरे, खेळ संपला!"

"तुम्ही असंच म्हणणार."

चौघांनी ओढलं. यानं मांडवाच्या खांबाला मिठी मारली. दिवस मावळला.

सगुणा चरवी घेऊन धावत आली. मांडवात खांबाला धरून एकटा हैबती, चिंचेखाली नुसतं दावं. "शेळी कुठाय?"

"केरबानं नेली," हैबती छाती फुगवून म्हणाला. "पण तो उठला, सगुणे. तो बाद! मी अजून बसलोय!"