घंटेचा दोर

एकदा एक देऊळ मुकं झालं. घंटा जागेवरच होती, पितळेची, चांगली वजनदार. गेला तो दोर. आणि कापला कुणी, तर खुद्द त्या ख्रिस्ती मंडळीच्या वृद्ध पाळकानं, भर शनिवारी, उद्या उपासना असताना.

गावचा धान्यव्यापारी धावत आला. घंटा त्यानंच दिलेली. तिच्यावर बापाचं नाव कोरलेलं, प्रभूच्या नावाहून बोटभर मोठं.

"पाळकसाहेब, माझ्या बापाची घंटा मुकी केलीत! उद्या लोकांना वेळ कळायची कशी?"

"शेठ, तुमच्याकडच्या जेवणाला मंडळी घंटेवाचून येते, तीही वेळेआधी," म्हातारा म्हणाला. "घंटा तुमची, दोर माझा. दोन उन्हाळे घायपात कुटून मी तो वळलाय."

व्यापारी गेला. जाताना चार दारं थांबून सांगत गेला, की पाळकाला म्हातारचळ लागला. असल्या वर्तमानाला घंटा लागत नाही.

पाळकाजवळ एक शिष्य तीन वर्षं शिकत होता. शास्त्रवचनं मुखोद्गत, वाणी मधुर. प्रार्थना इतकी दीर्घ, की लेकरं झोपून उठत तरी आमेन आलेलं नसे. नाल्यापलीकडे कुष्ठरोग्यांची वस्ती होती. तिथला सेवक उपवासकाळात वारला. तेव्हापासून तिथं पाणी शेंदायलाही धडधाकट माणूस उरला नाही. म्हातारा स्वतः रोज जाऊन शेंदून येई. पण आता दहा पावलांवर त्याची छाती भरून येऊ लागली.

"तू राहशील का तिथं?" त्यानं शिष्याला विचारलं होतं.

"पाचारण अजून स्पष्ट होत नाही, गुरुजी."

पाचारण स्पष्ट व्हावं म्हणून शिष्यानं तीन उपास केले. भूक तेवढी स्पष्ट झाली. खरं कारण त्याचं त्याला ठाऊक होतं. एकदा त्या वस्तीत राहिलं, की आपल्या आईच्या घरातही आपलं ताट वेगळं मांडलं जाईल.

"हा दोर वस्तीवर देऊन ये," म्हातारा आज एवढंच म्हणाला. "त्यांचा तुटलाय. पाणीही खोल गेलंय."

शिष्य निघाला. ऊन रणरणत होतं. विहिरीशी केराबाई नावाची म्हातारी बसली होती. तिच्या हातांना बोटं अशी उरलीच नव्हती. तिनं दातांनी ओढून दोर घागरीला बांधला, घागर आत सोडली, दुसरं टोक दोन्ही पंजांना गुंडाळलं आणि मोटेच्या बैलासारखी विहिरीपासून लांब चालत घागर वर आणली. शिष्य बघत उभा राहिला. पुढं व्हावं असं त्याला वाटलं. पाय काही पुढं झाले नाहीत.

"बाई, तुमचा हात!"

घायपाताचा दोर करवतीसारखा. पंजा सोलून रक्त गळत होतं. केराबाईनं दुसऱ्या कुणाचा असावा तसा तो उलटसुलट पाहिला.

"फाटला वाटतं. मला कुठलं कळायला, दादा!" ती हसली. "कळलं असतं, तर पाणी कुणी काढलं असतं? घ्या, उन्हाचे आलात."

तिनं तांब्या पुढं केला. काठाला तांबडा ओघळ होता.

"घरी जाऊन पितो," शिष्य म्हणाला.

केराबाईनं तांब्या खाली ठेवला. रागावली नाही. "राहू द्या. आधीचा सेवकही पहिल्या दिवशी असंच म्हणाला होता."

शिष्य परतला. घशाला कोरड होती, तरी माठाकडे गेला नाही. देवळाच्या पायरीवर म्हातारा धापा टाकत बसला होता. सगळं सांगून शिष्य म्हणाला, "तिला काहीच कळलं नाही, गुरुजी. मलाच बघवेना. माझेच हात जळाल्यासारखे झाले."

म्हातारा म्हणाला, "वत्सा, तिचा हात फाटला आणि तुला दुखला. याहून मोठ्यानं देव कुणाला हाक मारत नाही. दोर मी दिला, माझ्याकडं तेवढाच होता. पण दोराला हात नसतात. घंटा झोपलेल्यांसाठी असते. तू तर जागाच होतास, कान तेवढे झाकून बसला होतास."

रविवारी घंटा वाजली नाही. उपासनेला शिष्यही नव्हता. त्याचं अंथरूण गेलं होतं.

मृगाआधी म्हातारा वारला. पाळक गेला की वयाइतके टोले द्यायची रीत. पण दोर नव्हता. नवा दोर द्यावा असं व्यापाऱ्याला सुचलं नव्हतं, दोरावर नाव कोरता येत नाही ना! निरोप घेऊन माणूस वस्तीवर गेला.

"एवढ्या दोन घागरी राहिल्यात. काढून आलोच," शिष्य म्हणाला. केराबाईनं दिलेला तांब्या उभ्यानं प्याला आणि निघाला.

पोहोचला तेव्हा पेटी खाली सोडून झाली होती. लोक त्याला वाट देण्याकरता, जरा जास्तच, बाजूला सरले. त्यानं मूठभर माती उचलली. सोललेल्या तळव्याला ती झोंबली.

त्यानं मूठ लगेच उघडली नाही. झोंबतंय तोवर ठीक आहे, असं त्याला वाटलं.