खारीच्या घरट्यातील शेंगा

पुरातन काळी एका वनात उन्हाळ्यासाठी बियांचा सामाईक साठा एका ढोलीत राखला जाई. एका राखणदाराने तो गुपचूप संपवला आणि पारवीची पिले उपाशी मेली. तेव्हापासून रीत पडली, की राखणदारीच्या उमेदवाराने आधी स्वतःचे घर सर्वांस दाखवावे.

पुढच्या निवडीस साळिंदर आणि खार उभी राहिली. साळिंदर काटे फुलवून बिळाच्या तोंडाशीच बसले. "माझा शब्द पुरेसा नाही का?"

खारीने घरटे उघडले. आत भुईमुगाच्या शेंगांची रास होती.

"इतक्या शेंगा कुठून गं, खारूताई?" पारवीने विचारले.

"रानडुकराने दिल्या. मी निवडून आले, तर त्याला साठ्याजवळ चरू द्यावे, अशी त्याची इच्छा आहे. होकार दिलेला नाही. शेंगा मात्र घेतल्या."

साळिंदर खदखदून हसले. "ऐकलंत? लाचखाऊ आपल्याच तोंडाने बोलली!"

पारवीने शेंगांची रास पुन्हा एकदा पाहिली. मग ती साळिंदराला म्हणाली, "हिच्यावर कुठे नजर ठेवायची, ते आज कळले. तुझ्यावर कुठे ठेवावी, ते कधीच कळणार नाही." तिने आपल्या मताचे पान खारीपुढे ठेवले. इतरांनीही ठेवले.

खारीने शेंगा रानडुकराला परत केल्या. मग ती साठ्याच्या ढोलीचे तोंड कुरतडून रुंद करू लागली, आणि पारवीला स्वतःच्या घरट्यातून आतला तळ दिसू लागला तेव्हाच थांबली.