दारावरचं पहिलं सूप

एकदा पौषातल्या एका सकाळी इतकं दाट धुकं पडलं होतं, की डोंगराच्या पायथ्याशी उभं राहूनही डोंगर दिसेना. अंगणात रचलेले हिरवे बांबू घाम फुटल्यासारखे ओले झाले होते. सूर्य कुठं आहे ते कळत नव्हतं, नुसता पांढुरका उजेड होता, पाणी घातलेल्या दुधासारखा. अशा वेळी वाटेला लागू नये, असं जुनी माणसं सांगतात. पण एक शिष्य खांद्याला पिशवी लावून, गुरूंचा निरोप घ्यायला दारात उभा होता.

वस्ती सुपं-टोपल्या विणणाऱ्यांची. गुरुजी तिथं तरुणपणी आले आणि मोठ्या माणसांना अक्षरं शिकवता शिकवता तिथंच म्हातारे झाले. दुपारची जेवणं आटोपली, की पंचांच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची शाळा भरायची. बाया-बाप्ये यायचे. एखादी आजी नातवाला मांडीवर निजवून पाटी धरायची. पण आलेलं माणूस टिकत नसे. महिना-दोन महिने यायचं आणि मग म्हणायचं, "मास्तर, काम लई हाय हो." गुरुजी मान डोलवायचे. काम होतंच, ते त्यांना दिसत होतं.

यंदा तर शाळेत तिघं-चौघंच उरली होती. पंचांनी एकदा हात जोडून म्हटलं, "माघ सरेपर्यंत बघू, मास्तर. कोणी येत नसलं, तर शेड बांबू ठेवायला द्या. पावसात भिजून माल काळा पडतो." त्यांच्या बोलण्यात राग यावा असं काही नव्हतं. गुरुजींना राग आलाही नाही. पण त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना.

शिष्य नगरात शिकलेला. मोठी माणसं कशी शिकतात आणि शिकता शिकता का सोडून देतात, हाच त्याच्या संशोधनाचा विषय. दिवाळीपासून तो गुरुजींना गुरू मानून त्यांच्याकडे राहत होता. दारोदारी बसायचा, विचारायचा, ऐकून घ्यायचा. मनाचा सच्चा होता, कष्टाला मागे नव्हता. आता त्याचं काम पुरं झालं होतं आणि नगरातल्या विद्वानांच्या सभेत ते मांडायचं होतं.

"येतो, गुरुजी. आशीर्वाद द्या."

"आशीर्वाद आहेच. पण काय सापडलं, ते मला सांगून जा."

शिष्य घुटमळला. पिशवीचा बंद उगाच घट्ट करू लागला.

"काम फार म्हणून माणसं येत नाहीत, हे खरं नाही, गुरुजी. जी येतात, त्यांच्याही घरी तेवढंच काम आहे. मी पाहिलंय."

"मग?"

"प्रत्येक माणूस फळ्यापाशी जाऊन आल्यानंतर यायचं थांबलंय. तिथं चूक होते, आणि..."

"बोल. माझ्यासमोर नाही बोललास, तर कुणासमोर बोलणार?"

"आणि तुम्ही ओलं फडकं घेऊन ती तत्काळ पुसून टाकता. शाळा सोडलेल्या धुरपदाबाई म्हणाल्या, माझ्या हातचं सूप चार गावांत जातं, आणि मास्तरांनी माझं अक्षर असं पुसलं, जसा लेकराचा शेंबूड पुसावा."

गुरुजी भिंतीला टेकून खाली बसले. चार लोकांत कुणाला लाज वाटू नये, म्हणूनच तर ते पुसत आले होते. दयेनं पुसत आले होते.

"इतक्या वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही रे."

"तुम्हाला कोण सांगणार? तुमचा मान आड येतो. मी परका, मला सांगितलं."

"बरं झालं तू विचारलंस. आता यावर करायचं काय?"

"तो माझ्या संशोधनाचा भाग नाही, गुरुजी. कारण सिद्ध झालं, इथं माझं काम संपलं. उपाय पुढचे लोक करतील."

"पुढचे म्हणजे कोण?"

गुरुजी उठले, बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "सभेला अवकाश आहे. धुकं फिटेपर्यंत थांब."

शिष्याला वाटलं, आता गुरुजी आपल्याला काही उपदेश करतील. पण गुरुजी गेले ते थेट शेजारच्या सोनबाच्या अंगणात. सोनबा म्हणजे वस्तीतला जुना कारागीर, बोलायला तिखट आणि मनानं मऊ.

"सोनबा, मला सूप विणायला शिकव."

सोनबानं कोयता खाली ठेवला. "मास्तर, थंडी डोक्यात गेली काय तुमच्या?"

"शिकव रे."

"मला काय, शिकवतो की. पण माझ्या कामट्या मोडल्या, तर जेवायला तुमच्याकडं येणार, आदीच सांगतो."

बांबूच्या पातळ कामट्या काढताना गुरुजींची बोटं कापली. एक कामटी वर, एक खाली, इतकं साधं दिसणारं काम, पण हात काही ऐकेना. अंगण भररस्त्याला. येणारीजाणारी माणसं थबकू लागली. पोरं तर कडेला बसूनच राहिली. कुणी म्हणालं, "मास्तर, हे सूप हाय का होडी?" गुरुजी हसले आणि पुन्हा उसवून विणायला बसले. शिष्याला मात्र ते बघवेना. ज्यांच्या पायांशी बसून आपण शिकलो, त्यांची अशी थट्टा व्हावी, आणि तीही त्यांनी आपण होऊन ओढवून घेतलेली!

शेवटी एकदाचं सूप झालं. एक कड वर, एक कड खाली, पाठीला पोक. पाखडायला घेतलं असतं, तर दाणे शेजारच्या अंगणात गेले असते.

सोनबानं ते हातात फिरवून पाहिलं. "पहिलं हाय. पहिलं इकायचं न्हाई आन् उसवायचं न्हाई. दारावर टांगायचं. दुसरं विणायचं, ते त्याच्या खाली बसून, त्याच्याकडं बघत."

वस्तीची ही जुनी रीत होती. घरोघरी चौकटीवर एक ना एक वाकडं, धुरानं काळवंडलेलं सूप टांगलेलं असे, बापाचं, आजाचं, सुनेचं. त्यात नवल कुणालाच वाटत नसे.

"मला एक खिळा दे," गुरुजी म्हणाले.

"घराला?"

"नाही. शाळेच्या दाराला."

आणि त्यांनी ते सूप शेडच्या दारावर, सगळ्यांना दिसेल असं टांगलं.

दुपारी शाळेपुढं गर्दी झाली, पण ती शिकायला नव्हे, सूप बघायला. शिष्य एका कोपऱ्यात मान खाली घालून उभा राहिला. इतक्यात धुरपदाबाई आली. तिनं सूप खालून पाहिलं, बाजूनं पाहिलं.

"मास्तर, तुमच्या सुपापरीस माझं अक्षर बरं होतं म्हणायचं."

"होतंच. ये, पुन्हा काढ."

ती तोऱ्यातच आत शिरली. खडू घेतला आणि आपल्या नावातला ध काढला. तो फळ्यावर पाठमोरा उभा राहिला. गुरुजींचा हात सवयीनं फडक्याकडे गेला. शिष्यानं ते पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. हात फडक्यापर्यंत पोचला, तिथं थांबला, आणि रिकामाच मागे आला.

"हे पहिलं आहे," गुरुजी म्हणाले. "पहिलं पुसायचं नाही. दुसरं याच्या खाली काढ. याच्याकडे बघत."

धुरपदाबाई फळ्याकडे पाहत राहिली, मग दारावरच्या सुपाकडे. मग पदर खोचून तिनं खाली दुसरा ध काढला. तोही थोडा कलला होता, पण तोंड बरोबर बाजूला होतं. दारातून कुणी तरी म्हणालं, "सरक गं, मला बी काढू दे."

सगळे गेल्यावर गुरुजी आणि शिष्य शेडमध्ये बसले. पाठमोरा ध फळ्यावर तसाच होता.

"गुरुजी, तुम्ही माझा शोध खरा करून दाखवलात. पण मला हे सुचलं कसं नाही?"

गुरुजी सावकाश बोलू लागले. "मलाही सुचलं नसतं, बाळ. त्या वाकड्या सुपांखालून वाकून मी घरोघर गेलो, चहा प्यायलो, बाहेर आलो. कधी वर पाहिलं नाही. तूही त्यांच्याच खाली बसून प्रश्न विचारलेस. आपल्या दोघांच्या डोक्यावर उत्तर टांगलेलं होतं. पण माणसं चुकीला नाही, चूक पुसण्याला भितात, हे तू सांगितलंस, तेव्हा कुठं मला त्या सुपांचा अर्थ लागला. तुझ्या शोधावाचून मी आणखी दहा वर्षं दयेनं पुसत राहिलो असतो. आणि तुझा शोध या पिशवीत बसून नगरात गेला असता, तर तिकडे वाहवा झाली असती आणि इकडे या शेडमध्ये बांबू भरले असते. ज्यांच्याकडून आपण जाणून घेतो, त्यांच्याकडे ते ज्ञान परत आणावं लागतं. आणि परत आणताना थोडं हसू होतं. ते होऊ द्यावं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिष्य सोनबाच्या अंगणात जाऊन बसला आणि कोयत्याकडे हात पुढे केला. सोनबानं त्याला आधी कामटी दिली. "कोयता नंतर," तो म्हणाला, "आदी बोटं मोजून ठेवा."

माघ सरला. पंच एकदा शेडच्या दारापर्यंत आले, आत दाटीवाटीनं बसलेली माणसं पाहिली, आणि बांबू कुठं ठेवावेत ते आपसात बोलत परत गेले.

शिष्य निघाला, तेव्हा धुकं नव्हतं. डोंगर स्वच्छ दिसत होता. त्याच्या हातात त्यानं विणलेलं पहिलं सूप होतं, गुरुजींच्या सुपाहूनही वाकडं. सभेत दाखवायला ते न्यावं, असं त्याच्या मनात होतं. कुंपणापाशी शेजारच्या सोनबानं त्याला अडवलं, ते सूप हलकेच त्याच्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाला, "तुमचं म्हणणं सांगून या सभेला. हे मी टांगतो शाळेच्या दारावर. दुसरं सूप पहिल्याच्या खाली बसूनच विणायचं असतं, तवा माघारी यायला लई येळ लावू नका."